पडद्याच्या कोपऱ्यातलं आडनाव

"हे काय लिहिलंयस? पूस आधी."

अध्यक्षबाईंचं बोट पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर होतं. तिथे मी माझं नाव लिहिलं होतं. नाव आणि आडनाव. वीस फुटी पडद्यावर बोटभर उंचीची अक्षरं.

भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याची टाऊनशिप. तिथल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव. अध्यक्षबाई मोठ्या साहेबांच्या पत्नी, मूळच्या पुण्याच्या. मी पंधरा वर्षांची. बाबा नागपूरकडचे, कारखान्यात पेंटर. तयार मशिनांना राखाडी रंग मारायचा, त्यांच्यावर नंबर टाकायचे, हे त्यांचं काम. बंगल्यांच्या फाटकांवर साहेबलोकांची नावंही तेच लिहायचे. आमच्या घरी गणपती बसत नाही. तरी मूर्तीमागचा पडदा मी रंगवला, कारण एवढं मोठं कापड मला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं. तीन आठवडे शाळा सुटली की हॉलच्या फरशीवर उकिडवी बसायचे. डोंगर, तळं, कमळं, पहाटेचं आभाळ.

"पण बाई, पडदा मी केलाय."

"पडदा मंडळाचा आहे. आणि गणपतीच्या पायाशी हे आडनाव? लोक काय म्हणतील?"

हे आडनाव. ऐकलं की जात कळते, असं. बाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही. भाजीत केस निघावा तसं तोंड केलं, बस.

मी पुसलं नाही. मग त्यांनी बाबांना बोलावलं. बाबा ड्यूटीवरून तसेच आले, हातात कारखान्याच्या रंगाचा डबा. माझ्याकडे बघितलं नाही. गुडघ्यावर बसले आणि माझ्या नावावरून ब्रश फिरवला. दोनदा. उठताना हळूच म्हणाले, "जाऊ दे ना वं. नावानं काय होते? साहेबाच्या घरच्यांशी वाकडं नाही घ्यायचं."

सगळ्या टाऊनशिपला नावं लिहून देणारा माणूस हे म्हणाला.

पण घाईत त्यांची चूक झाली. माझा पडदा सरसात कालवलेल्या पावडर रंगांचा, अगदी कोरडा. त्यांच्या डब्यात मशिनांचा ऑइल पेंट. दिवे लागले आणि कोपऱ्यातला राखाडी चौकोन चकाकायला लागला. आरतीला आलेला जो तो आधी तिथेच बघायचा. "तिथे काय सांडलंय?" असं विचारायचा.

पाहुण्यांनी भाषणात पडद्याची तारीफ केली. स्टेजवर बोलावलं ते अध्यक्षबाईंच्या मुलीला. तिने चार कमळांना पिवळे ठिपके दिले होते. टाळ्या. मी खुर्च्या लावणाऱ्यांबरोबर मागे उभी.

कार्यक्रमानंतर बाईंनी मला मागच्या दाराशी बोलावलं. हातात एक पिशवी दिली. मुलीच्या जुन्या पोस्टर कलरच्या बाटल्या. "थोडे घट्ट झालेत, पण तुला चालतील."

मी काय म्हणाले? "थँक यू, बाई." वाकून नमस्कारही केला.

घरी झाकणं उघडली. वर बुरशी, खाली दगड झालेला रंग. मी बुरशी बोटाने काढली, पाणी घातलं, काडीने खरवडत बसले. दोन दिवस. नखांत घाण, खोलीभर सडका वास. आई म्हणाली, "फेक ते." तेव्हा माझं मलाच दिसलं की मी काय करतेय. त्यांचा कचरा धुऊन वापरायला शिकतेय. पिशवी उकिरड्यावर टाकली. बाईंची किळस आजही येते, पण मागच्या दाराशी वाकलेल्या त्या पोरीची जास्त येते.

पुढच्या वर्षी बाई आमच्या क्वार्टरच्या दारात आल्या. पहिल्यांदाच. आईने पाण्याचा ग्लास पुढे केला. "नको, आत्ताच चहा झालाय." ग्लासाला बोट लागलं नाही.

"यंदा राजवाडा काढ. हात चांगला आहे तुझा."

"नाव लिहू द्याल? आडनावासकट?"

"एवढीशी पोरगी, आणि अट घालते?"

"मग नाही करणार."

बाबा आत खाटेवर बसलेले, बाहेर आले नाहीत. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

बारावीनंतर भोपाळच्याच बिट्टन मार्केटजवळच्या एका बोर्ड पेंटरकडे काम शिकले. दुकानांच्या पाट्या. पहिली पाटी, एका भाजीवाल्याची, पूर्ण झाली तेव्हा उस्ताद म्हणाले, "नीचे अपना नाम डालो बिटिया. अगला काम वहीं से आएगा." किती साधी गोष्ट. भाजीवाल्याच्या पाटीवर जे चाललं, ते मंडळाच्या पडद्यावर चाललं नाही.

आता माझा स्वतःचा स्टुडिओ आहे, इथेच भोपाळमध्ये, बाग सेवनिया भागात. गेल्या आठवड्यात त्याच मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. तरुण आवाज. "ताई, चित्रकलेत करिअर कसं करायचं यावर आमच्या मुलांना मार्गदर्शन करा. तुम्ही आपल्या टाऊनशिपच्या. आम्हाला अभिमान आहे."

अभिमान. नाकात त्या बुरशीचा वास आला.

सांगण्यासारखं माझ्याकडे आहे. रोज सकाळी दोन तास हात चालवा, मूड असो नसो. अक्षरं शिका, पाट्या करा, त्यात कमीपणा नाही. काम हातातून जाण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. मागे तारीख घाला. काय करायचं, कधी द्यायचं, नाव कुठे येणार, हे कागदावर घ्या, समोरचा काका असला तरी. 'आपलंच मंडळ आहे' म्हणत कुणी आलं की जास्त सावध राहा. रंग तीनच परवडत असतील तर तीनच घ्या, पण स्वतःचे. आणि नाही म्हणायला लवकर शिका. मला एक वर्ष उशीर झाला.

पण हे नुसतं बोलून काय उपयोग? सेक्रेटरींना विचारलं, "तुमच्याकडे एक जुना पडदा असेल. डोंगर, तळं, कमळं."

"आहे ना, ताई! माळ्यावर. रंग बराच झडलाय. कोपऱ्यात एक राखाडी डाग आहे, तोच तेवढा घट्ट आहे."

असणारच. बाबांचं काम होतं.

मी सांगितलं, तो पडदा स्टेजवर लावा. डाग झाकायचा नाही. मी येताना ब्रश आणि लाल ऑइल पेंट आणेन. भाषणाच्या आधी, सगळ्या मुलांसमोर, त्या राखाडी चौकोनावर माझं नाव लिहीन. आडनावासकट. हातभर उंचीच्या अक्षरांत, चौकोनाबाहेर गेली तरी.

"कमिटीला विचारून कळवतो, ताई," सेक्रेटरी म्हणाले. आवाज जरा उतरला होता.

विचारा. पडदा लागला नाही, तर मी पायरी चढणार नाही. आणि लागला, तर नाव लिहून होईपर्यंत कुणाच्याही नमस्काराला हात जोडणार नाही.