रस्ता सांगणारे डोमाजीभाऊ

डोमाजीभाऊंच्या कारध्याच्या घरून निघणं म्हणजे एक दिव्यच होतं. पाहुणा बसलेला असतानाच ते त्याला भंडाऱ्याचा रस्ता सांगत. "पुलावर डावी बाजू धरा. उतरले का सरळ स्टँड." पाहुणा उठून चप्पल शोधू लागला, की ओरडत, "बसा! रस्ता सांगतला, जा म्हनलो का?" मग जरा वेळानं, त्याच्या डोळ्यांत बघून, "हं, आता निघा." नवख्यांना हसू येई. मला कधी आलं नाही.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं एकाच विमानतळावर नोकरीला होतो. ते टॉवरमध्ये, मी धावपट्टीच्या देखभालीवर. धुक्यात वैमानिक उपकरणांच्या भरवशावर उडतो. उडाल्यावर कुठं वळायचं, किती उंच चढायचं, हा रस्ता टॉवर त्याला आधी सांगतो आणि तो तसाच्या तसा म्हणून दाखवतो. 'आता उडा' ही परवानगी मात्र निराळी, ती मागाहून मिळते.

डोमाजीभाऊ भारी मायाळू. कुणाला ताटकळत ठेवणं त्यांना जमायचंच नाही. हिवाळ्यातल्या एका सकाळी धावपट्टीवर कुत्री शिरली, ती हाकलायला मी जीप घेऊन गेलो. धुकं असं, की जीपचं नाकही दिसेना. पट्टीच्या टोकाला प्रवाशांनी भरलेलं विमान येऊन उभं होतं, वैमानिक घाईत होता. बिचारा थांबलाच आहे, तर तोवर रस्ता सांगून टाकू, असं डोमाजीभाऊंना वाटलं. जीपमधल्या वायरलेसवर मी ऐकत होतो. त्यांनी सांगितलं, वैमानिकानं म्हणून दाखवलं, ते म्हणाले, "बरोबर."

वैमानिकाला तीच उडायची परवानगी वाटली आणि इंजिनांचा आवाज चढला.

आवाज माझ्याकडेच येत होता आणि दिसत काहीच नव्हतं. पळायचं तरी कुठल्या बाजूला? आई गं! घाईघाईत जीप वळवायला गेलो तर ती बंद पडली. वायरलेसवर डोमाजीभाऊ किंचाळत होते, "थांबा! थांबा! पट्टीवर माणूस आहे!" ब्रेकांची ती किंकाळी अजून कानांत आहे. धुक्यातून विमानाचं तोंड बाहेर आलं आणि पुढ्यात थांबलं. खोटं कशाला सांगू, माझी पॅन्ट ओली झाली होती.

टॉवरमध्ये गेलो, तर डोमाजीभाऊ दारातच उभे होते.

"त्यानं सारं बरोबर म्हनलं, वसंतभाऊ. मी बी बरोबरच म्हनलो. अन् तुमी मेले असते ना जी!"

"अहो, वाचलो ना मी."

"मले अजून आवाज येऊन राहिला."

त्यानंतर पट्टीवर उभ्या असलेल्या विमानाला त्यांनी कधी रस्ता सांगितला नाही. सांगायचा तो विमान जागेवरून हलण्याआधी. खोळंबा झाला की वैमानिक कुरकुरत, वरचे साहेब टोमणे मारत. "शिव्या देऊ द्या. जित्ते हायेत म्हून देऊन राहिले," असं ते म्हणत. धुक्याच्या दिवशी मात्र ते जेवणाचा डबा उघडतच नसत.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी भेटायला गेलो. उठायच्या बेतात होतो, तर त्यांनी हात धरला.

"पुलावर डावी बाजू धरा. उतरले का सरळ स्टँड."

मी म्हणून दाखवलं.

"बरोबर," म्हणाले आणि डोळे मिटले.

हातातला हात सैल पडला. मला कळलं, ते गेले. आतून वहिनी म्हणाल्या, "वसंतभाऊ, तुमची गाडी निघून जाईन."

निघा असं ते म्हणालेच नव्हते. मी बसून राहिलो.