दादा सारखा जिंकत होता

आजारी माणसाबरोबर पत्ते खेळताना खरं खेळायचं असतं की खोटं? हे मी डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी मला बाहेरच्या बाकड्यावर बसायला सांगितलं. आईला विचारलं, तिनं तोंडाला पदर लावला. सलीमभाईला विचारलं, तो म्हणाला, तूच बघ की.

मग मीच बघितलं. आणि मी एखादी गोष्ट बघायला घेतली की तिचं काय होतं, ते ऐका आता. चहा घ्या आधी, गार होतोय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दत्ता. फौंड्रीत कामाला. सहावीत मी शाळा सोडली तेव्हा ज्यानं मला बडवलं आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये चिकटवून दिलं, तो हा. माणूस सरळ. पण झब्बू खेळायला बसला की दरोडेखोर.

झब्बू तुम्हाला ठाऊकच आहे. एकानं बदाम टाकला की सगळ्यांनी बदाम टाकायचा. ज्याच्याकडं बदाम नाही, त्यानं दुसरं कुठलंही पान हाणायचं, तो झब्बू. मग ज्याचं बदामाचं पान मोठं, त्यानं सगळी पानं उचलून घ्यायची. ज्याची पानं संपली तो सुटला, शेवटी ज्याच्या हातात पानं उरतात, तो गाढव. यात डोकं लागत नाही, म्हणून तर मी खेळतो.

दादा काय करायचा? हातात चार-चार बदाम असताना 'बदाम न्हाई' म्हणायचा आणि खुशाल झब्बू द्यायचा. पकडला तर उलटा आपल्यावरच चढायचा. एकदा सलीमभाईनं पकडलं. सलीमभाई म्हणजे दादाचा शाळेपासूनचा दोस्त, आमच्या खालीच त्याचं शिलाईचं दुकान. त्यानं दादाचा हात धरून पानं सगळ्यांना दाखवली. त्या एका बदामापायी दोघं सहा महिने बोलत नव्हते. दिवाळीची पँट दादानं रेल्वेनं हातकणंगल्याला जाऊन शिवून आणली. खाली शिंपी असताना! आणि तीही आखूड झाली, पण जिद्दीनं वापरली.

तर या दादाच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी मला आणि आईला आत बोलावलं, दार लावलं आणि दोन महिने म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर आईनं माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली की दादाला हे कळता कामा नये. आमच्याकडं रीतच आहे ती. आजार ज्याला झालाय तो सोडून सगळ्या गल्लीला माहीत असतो.

दादा घरी आला. रोज दुपारी जेवणं झाली की सलीमभाई दुकान पोरावर टाकून यायचा आणि टेम्पोवाला बंडूदा टेम्पो दारात लावून यायचा. दादाच्या कॉटवर चादर अंथरून डाव सुरू. पण दादाचे हात थरथरायचे, कुठली पानं पडून गेली ते ध्यानात राहायचं नाही. दोन दिवस तोच गाढव झाला. दुसऱ्या दिवशी तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

मला ते बघवेना. मी विचार करणारा माणूस नाही, मी पळणारा माणूस आहे. पळत जिना उतरलो, दोघांना टेम्पोजवळ गाठलं आणि सांगितलं की उद्यापासून दादा जिंकला पाहिजे.

तुम्हाला वाटत असेल, हरण्यात काय अवघड आहे? बसून बघा एकदा. तीन माणसं एकाच वेळी हरायला टपलेली. लोक पानं लपवतात, आम्ही उचलत होतो. बंडूदा पडलेल्या डावातली पानं हळूच परत हातात घ्यायचा. एकदा त्याच्या हातात अठरा पानं झाली, पंख्यासारखी धरली तरी मावेनात. मी हातात एक्का असला की अंगावर माशी बसल्यासारखा झटकन टाकायचो, म्हणजे पानं मलाच उचलायला लागावीत. जिना उतरताना आमची भांडणं वेगळीच. आज गाढव व्हायची पाळी माझी होती, तू का झालास?

राधानगरीची मावशी भेटायला आली, तिलाही बसवलं. तिनं जन्मात पत्ते धरले नव्हते. ती पहिल्याच डावात सुटायला लागली. मी तिला कोपरानं ढोसतोय, ती मलाच विचारतीय, काय झालं रं बाबा?

दादा सारखा जिंकत होता. आणि जसजसा जिंकत होता तसतसा गप्प होत होता. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. मला वाटलं, जिंकणं कमी पडतंय! म्हणून मी दोघांना सांगितलं की नुसतं हरू नका, जरा कौतुकही करा. मग सलीमभाई 'वा दत्त्या' म्हणायला लागला. रडक्या आवाजात, पण म्हणायचा.

असे दहा-बारा दिवस गेले. मग एका दुपारी बंडूदानं बदाम टाकला. दादानं हातातली पानं आमच्याकडं तोंड करून धरली होती. अगदी आम्हाला दिसतील अशी. आत तीन बदाम, लालभडक. 'बदाम न्हाई' म्हणून त्यानं इस्पिक हाणलं आणि सलीमभाईकडं बघितलं.

सलीमभाईनं ते तीन बदाम नीट बघितले. "वा दत्त्या," तो म्हणाला.

दादानं हातातली पानं चादरीवर उलगडून ठेवली.

"सलीम, हे काय हाय?"

"बदाम."

"किती?"

"तीन."

"आणि मी काय दिला मगाशी?"

"झब्बू."

"मग तू काय म्हणालास?"

सलीमभाई चादरीवरची फुलं बघत बसला. "वा म्हणालो," तो हळूच म्हणाला.

दादा माझ्याकडं वळला. "सुन्या, डॉक्टर काय म्हणाला रं?"

आता इथं शहाणा माणूस काय करेल? गप्प बसेल. पाणी आणतो म्हणून उठेल. खोकेल तरी. मी काय केलं? मी छाती पुढं काढून, अगदी ठासून सांगितलं.

"दोन महिने असलं कायबी म्हणाला न्हाई डॉक्टर."

बंडूदानं कपाळावर हात मारून घेतला, त्याचा आवाज अजून कानात आहे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथंच खाली बसली. सगळी गल्ली पंधरा दिवस तोंड शिवून बसली होती. दुकानदार, दूधवाला, बारकी पोरंसुद्धा. आणि शपथ कुणी मोडली? ज्यानं डोक्यावर हात ठेवून घेतली होती त्यानं!

दादानं माझ्याकडं बघितलं. मग हसायला लागला. ठसका लागला तरी हसत होता.

"आई, ह्यानं शाळा सोडली ते बरंच झालं बघ," तो म्हणाला. मग सलीमभाईला म्हणाला, "मला कवाच कळलंवतं. तुम्ही भांडायचं बंद केलंसा, तवाच. पिसा आता पत्ते. फुकटचा डाव जो देईल त्यानं उद्यापासनं यायचं न्हाई."

त्या रात्री तो पोटभर जेवला. आई मात्र आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढं आम्ही खरं खेळलो. दादाची लबाडी परत सुरू झाली, सलीमभाईची चिडचिड सुरू झाली, बंडूदा एकदा पत्ते फेकून निघून गेला आणि चपला विसरल्या म्हणून परत आला. डॉक्टरांनी सांगितलेले दोन महिने काही पुरे झाले नाहीत.

शेवटच्या दुपारी दादाला उशीला टेकवून बसवायला लागलं. डाव माझ्यात आणि त्याच्यात उरला होता. मी बघितलं, त्यानं उशीखाली काहीतरी सरकवलं. मी उशी ओढली, तर खाली तीन पानं. माझं डोकंच फिरलं. त्याला ओरडायला जीव नव्हता, म्हणून दोघांच्या वाटचं मीच ओरडलो. शेजारच्या काकू धावत आल्या, मागनं निम्मी गल्ली. काकू म्हणाल्या, आजारी माणसावर वरडतोस, लाज वाटत न्हाई?

आणि दादा बघा कसला! बिचारा चेहरा करून म्हणतो, "बघा की काकू, मला कसं वागवत्यात घरात."

मी ती तीन पानं सगळ्यांना दाखवली, भर गल्लीसमोर त्याला चोर म्हणालो. काकूंनी मला शिव्या घातल्या. मी हललो नाही. पानं त्याच्या हातात परत कोंबली, डाव पुरा करायला लावला आणि त्याला गाढव केलं.