मधली ओळ

मला वाचता येत नव्हतं आणि पाचवीपर्यंत ते मोठ्या बहिणीशिवाय कुणाला कळलं नव्हतं. आकडे मात्र कधी अडले नाहीत. बा अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचा. संध्याकाळी तो गाठींची वजनं तोंडानं सांगायचा आणि त्याचं बोलणं संपायच्या आत मी बेरीज सांगायचो.

वाचनाचं तसं नव्हतं. एक अक्षर धरावं तर पुढचं निसटायचं. जोडाक्षरापाशी पोचेपर्यंत शब्दाची सुरुवात विसरलेली असायची. मास्तर म्हणायचे, "लक्ष कुठं आहे तुझं?" लक्ष पुस्तकातच असायचं, इतकं की कानशिलं तापायची. पण त्याच वेळी रस्त्यावरची बैलगाडी, शेजारच्या वर्गातले पाढे, कुणाच्या तरी पाटीवर करकरणारी पेन्सिल, सगळं सारख्याच जोरानं आत शिरायचं. गणिताच्या तासाला यातलं काहीच ऐकू येत नसे. त्यावरून मास्तरांनी ठरवलं की पोरगा हुशार आहे, पण लबाड आहे.

कानानं आलेलं मात्र राहायचं. मोठी बहीण सातवीत होती. तिनं चुलीपाशी बसून धडा दोनदा वाचला की तो मला पाठ. पान कोणत्या शब्दाला उलटायचं तेही ती सांगून ठेवायची.

दीक्षा घेऊन आम्हाला दोन-तीन वर्षं झाली होती. वस्तीतला विहार म्हणजे चार खांब आणि वर पत्रे. रविवारी वंदना झाली की शाळेत जाणारं एखादं पोर बुद्धांच्या चरित्रातली दोन पानं वाचून दाखवायचं. मोठ्या माणसांत अक्षर येणारे थोडेच. ज्याचं पोर वाचायला बसे तो बाप मागे खांबापाशी उभा राहायचा, बसायचा नाही. माझाही बा तसाच उभा असायचा.

एका रविवारी अमरावतीच्या एका वसतिगृहाचे अधीक्षक आले. राहणं-जेवण फुकट, शाळा तिथलीच, आणि आमच्या वस्तीतला एक मुलगा ते घेणार होते. बानं जिनिंगमध्ये आधीच सांगून टाकलं होतं की आपला पोरगा अमरावतीला चालला.

मी वाचलं. पानही ठरल्या शब्दाला उलटलं. अधीक्षक खूश झाले.

"छान. ती मधली ओळ पुन्हा वाच बरं, घर सोडून निघाले ती."

ओळ मला येत होती. पानावर ती कुठं आहे ते माहीत नव्हतं, आणि मधूनच सुरुवात करायची तर जीभ उचलेना. मी पहिल्यापासून सुरू केलं.

"सगळं नको. फक्त मधली ओळ."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

बायांमधली एक म्हातारी म्हणाली, "याले पयल्यापासून चाबी द्या लागते वाटते!"

सगळे हसले. अधीक्षक हसले नाहीत. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, दुसरंच पान काढलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. तीन अक्षरांचा शब्द होता. मला तो आला नाही. हसणं थांबलं. लोक हसत होते तोवर बरं होतं.

दुसऱ्या मुलाची निवड झाली. बा तरातरा पुढं चालत घरी आला. माय म्हणाली, "पोरावर कायले चिडता? येवढं सारं पाठ केलं त्यानं."

"पाठ?" बा म्हणाला. "पाठ तं माह्या बापालेही होतं. रातभर भजनं म्हने थो. पुस्तकाले हात लावू देत होतं का कोनी त्याले? म्या याले पाठ कराले धाडलं काय शाळेत?" मग माझ्याकडे वळला. "तुले वाचता येत नाही?"

"नाही."

"काहून?"

याचं उत्तर मला पुढं कितीतरी वर्षांनी मिळालं. माझ्या मुलीचं तिसरीत तसंच होऊ लागलं तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, अशा मुलांचा मेंदू आळशी नसतो. अक्षर आणि आवाज यांची गाठ घालायला त्याला इतरांपेक्षा जास्त खपावं लागतं. मुलीपुरतं मला ते पटलं. स्वतःपुरतं समजलं, पण विहारातल्या त्या संध्याकाळची लाज काही त्यानं गेली नाही.

त्या वेळी बानं आपल्या परीनं तोड काढली. आपण आधी शिकायचं आणि मग पोराला शिकवायचं. विहारात मोठ्यांचा वर्ग भरायचा, तिथे तो पाटी घेऊन बसू लागला. वर्षाच्या आत तो बाजारातल्या पाट्या मोठ्यानं वाचू लागला. एकदा किराणा दुकानाच्या पाटीवरचं पहिलं अक्षर वाचून म्हणाला, "पुढचं तू सांग." मला जमलं नाही. बाच्या चेहऱ्यावरचा आनंद माझ्यामुळे उतरताना मी पाहिला. तेव्हापासून मी सोबत असलो की तो खाली पाहून चालायचा. घरामागच्या भिंतीवर मात्र कोळशानं सही गिरवायचा, मी आलो की हातानं पुसायचा. पुसल्यावरही थोडी दिसायची.

पुढच्या उन्हाळ्यात तो मला घेऊन अमरावतीला गेला. अधीक्षकांनी मला ओळखलं.

"सायेब, वाचाले कच्चा हाय," बा म्हणाला. "पन हिसोब घेऊन पाहा त्याचा."

त्यांनी तोंडी गणितं घातली. मी सोडवत गेलो. त्यांनी टेबलाचा खण उघडला.

"एक वर्ष ठेवून पाहू. वाचन सुधारलं नाही तर घेऊन जावं लागेल."

त्यांनी कागद आणि टाक बाच्या पुढं सरकवला. "सही येते ना तुम्हाला?"

बानं टाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याच्या कोपराशी उभा होतो. त्याला येते, एवढे दोन शब्द मला बोलता आले असते. ते तोंडातून निघाले नाहीत.

"नाही, सायेब. अंगठा लावतो."

शेजारच्या टेबलावरचा कारकून शाईची गादी पुढं करत म्हणाला, "वा! अंगठाबहाद्दराच्या पोटी गणिती!"

बा त्याच्याबरोबर हसला. अंगठा दाबला, नीट उमटला का ते वाकून पाहिलं आणि शाई डोक्याच्या केसांना पुसली.