मास्तरांनी गाडी घेतली

शहरातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी गाडी शिकवली होती आणि मास्तरांकडे स्वतःची गाडी नव्हती. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. ड्रायव्हिंग स्कूलची छोटी पांढरी गाडी, टपावर पाटी, शेजारच्या सीटसमोर शिकवणाऱ्यासाठी बसवलेला जादा ब्रेक आणि जादा क्लच, आणि त्या सीटवर मांडीवर वही घेऊन बसलेले मास्तर, असं बावीस वर्षं लोक बघत आले होते. स्कूलमध्ये ते सायकलने यायचे, शेजारच्या सीटवर बसायचे, सहा-सात जणांच्या हातून दिवसभर शहर फिरायचे आणि सायकलने घरी जायचे.

मग स्कूलचे मालक थकले आणि त्यांनी शटर ओढून घेतलं. मास्तर पन्नाशीत बेकार झाले, पण फार दिवस राहिले नाहीत. शहराबाहेर अडतीस किलोमीटरवर बसचालकांचं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथे नव्या चालकांना वर्गात बसवून नियम, खुणा आणि संयम शिकवायला माणूस हवा होता, आणि संयमाच्या बाबतीत मास्तरांचा हात कोण धरणार? नोकरी मिळाली. एकच गोम होती. बसचालकांच्या त्या केंद्रापर्यंत एकही बस जात नव्हती. महिन्याभरात रुजू व्हायचं होतं, आणि पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की येण्याजाण्याची सोय ज्याची त्याने करायची.

"जुनी घ्या, पण धड घ्या," मास्तरांची बायको म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. अर्ध्या मिलीमीटरचा फरकही तिला खपत नसे. "आणि माझी एक अट आहे. गाडी बघून तुम्हाला हसू आलं पाहिजे. रोज दीड तास तिच्यात बसायचंय. तोंड पाडून बसणार असाल तर नोकरी नको."

गाडी शोधायला मेहुणा पुढे सरसावला. मेहुण्याला सगळ्यातलं सगळं कळायचं, निदान तसं त्याला वाटायचं. पहिल्याच रविवारी तो मास्तरांना एका ठेकेदाराकडे घेऊन गेला. अंगणात चकचकीत, लांबरुंद गाडी उभी होती आणि आकडा दाखवत होती चाळीस हजार किलोमीटर. मास्तरांनी बॉनेट उघडलं नाही की टायरला लाथ मारली नाही. चालकाच्या बाजूचं दार उघडून ते खाली वाकले आणि क्लचच्या पेडलवरचं रबर बघितलं. रबर झिजून खालचं लोखंड चमकत होतं.

"चाळीस हजारात एवढं झिजत नाही," ते म्हणाले. "एकतर आकडा खोटा, नाहीतर चालवणारा कायम क्लचवर पाय ठेवून बसतो. दोन्हीपैकी काहीही असलं तरी नको."

ठेकेदार गोरामोरा झाला. मेहुण्याची छाती मात्र फुगली. तेव्हापासून जिथे जाईल तिथे तो सांगायचा, "आमचे भाऊजी गाडी बघत नाहीत, गाडी चालवणारा बघतात." आणि ते खरंच होतं. टायरच्या कडा खरचटलेल्या असल्या की मास्तरांना फुटपाथला घासत गाडी लावणारा उतावळा माणूस दिसायचा. गियरच्या दांड्याची मूठ एकाच बाजूने गुळगुळीत झाली असेल तर सिग्नलला हात तिथेच विसरणारा आळशी दिसायचा. एका निवृत्त साहेबांची गाडी नव्यासारखी होती, पण टायरना बारीक भेगा होत्या. ती चार वर्षं नुसती उभी होती. "हिला माणसं बघायची सवय राहिली नाही," मास्तर म्हणाले आणि नमस्कार करून निघाले.

दुसरी एक पद्धतही होती. गाडी फिरवून बघायची वेळ आली की मास्तर सरळ शेजारच्या सीटवर जाऊन बसत. "तुम्ही चालवा. मी बघतो." मालक चालवायचा, मास्तर डोळे अर्धवट मिटून ऐकायचे आणि वळण आलं की त्यांचा पाय पायपुसण्यावर दाबला जायचा, जणू तिथे ब्रेक होता. मेहुणा मागच्या सीटवरून मालकाला समजावायचा, "हीच यांची पद्धत." लोकांना पटायचं. एवढा अनुभवी माणूस, त्याची काहीतरी पद्धत असणारच.

घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं, आणि ते एकट्या मास्तरांना माहीत होतं. एक दिवस सोडला तर गेली आठ-नऊ वर्षं ते चालकाच्या सीटवर बसलेच नव्हते. सुरुवातीला ते शिकणाऱ्यांना स्वतः चालवून दाखवायचे. पुढे स्कूलच्या मालकांनी ठरवलं की लोक चालवायला पैसे देतात, बघायला नाही. पहिल्या दिवसापासून शिकणाऱ्याच्याच हातात चाक. मास्तर जे शेजारी गेले ते तिथेच राहिले. मागच्या वर्षी एकदा स्कूलची गाडी गॅरेजपर्यंत न्यायची होती आणि न्यायला कुणी नव्हतं. मास्तर बसले. पहिल्याच चौकात गाडी दचका खाऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच. टपावर 'येथे उत्तम ड्रायव्हिंग शिकवले जाते' अशी पाटी आणि मागे हॉर्नचा कल्लोळ. मास्तर खाली उतरले, गाडीतच बिघाड असल्यासारखा चेहरा केला आणि ती ढकलत कडेला नेली. दोन माणसांनी हातही लावला. त्यातल्या एकाला मास्तरांनीच शिकवलं होतं. त्या दिवसाची शरम अजून त्यांच्या पोटात होती, आणि ती त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

आता अडतीस किलोमीटर जायचे आणि अडतीस यायचे, तेही एकट्याने, शेजारच्या सीटवर कुणी नसताना. 

तिसऱ्या रविवारी पंचाईत झाली. बघायला गेलेली गाडी निर्दोष निघाली. रबर सारखं झिजलेलं, टायर ठीक, थंड इंजिन पहिल्या फटक्यात चालू, सर्व्हिसच्या नोंदी ओळीने. मेहुण्याने हात चोळले. मास्तर गाडीभोवती तीनदा फिरले, घाम पुसला आणि म्हणाले, "हॉर्नचा आवाज बरा नाही."

घरी हे बायकोच्या कानावर गेलं. तिचं वागणं हल्ली चमत्कारिक झालं होतं. रस्त्याने जाताना ती लांबच्या दुकानाकडे बोट दाखवून विचारायची, "काय हो, काय लिहिलंय तिथे?" मास्तर वाचून दाखवायचे. "आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात?" तेही ते वाचायचे. ती नुसती "हं" करायची. मास्तरांना वाटायचं, दुकानात काचा बसवून हिला ते वेड लागलंय.

शेवटचा शनिवार उजाडला. सोमवारी रुजू व्हायचं होतं. बायकोनेच एक गाडी काढली. चष्म्याची दांडी बदलायला आलेल्या एका नर्सबाईंना इस्पितळाच्या आवारातच घर मिळालं होतं. नऊ वर्षं रोज वापरलेली गाडी आता त्यांना नको होती. "तुमच्या मेहुण्याला राहू दे," बायको म्हणाली. "मी येते."

गाडी पिकल्या लिंबाच्या रंगाची होती, आखूड आणि बुटकी. पाठ भिंतीकडे करून, चाकं नाकासमोर सरळ ठेवून लावलेली. मास्तर वाकले. तिन्ही पेडलांचं रबर सगळीकडून सारखं झिजलं होतं, हातात फूटपट्टी घेऊन झिजवल्यासारखं. चालवणाऱ्या पायाबद्दल त्यांना एकदम आदर वाटला.

"मास्तर, ओळखलं नाहीत," नर्सबाई म्हणाल्या. "मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसहा."

मास्तरांनी निरखून बघितलं. काही केल्या आठवेना. मग ते संकोचत म्हणाले, "जरा समोर बघता का? माझ्याकडे नको, समोर." नर्सबाईंनी मान फिरवली आणि मास्तरांचा चेहरा उजळला. बावीस वर्षं त्यांनी माणसं एका बाजूनेच पाहिली होती. "तुम्ही होय. गियर बदलताना जीभ बाहेर काढायचात."

"अजून काढते," नर्सबाई म्हणाल्या.

सवयीप्रमाणे मास्तर शेजारी बसले, बायको मागे. नर्सबाई बाजारातून, पुलावरून, शाळेच्या वळणावरून गाडी घेऊन गेल्या. अर्ध्या वाटेवर मास्तरांच्या लक्षात आलं की आपला पाय एकदाही पायपुसण्यावर दाबला गेला नाही. नर्सबाई सांगत होत्या, पहाटेची पाळी असो की कडाक्याची थंडी, या गाडीने एकदाही दगा दिला नाही. ब्रेकच्या पट्ट्या बदलल्या, बॅटरी बदलली, बाकी तेल-पाणी वेळच्या वेळी. मग एका रिकाम्या मैदानाच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि दार उघडलं. "आता तुम्ही."

"कशाला?" मास्तर म्हणाले. "चांगली आहे गाडी. घेऊन टाकू."

"न चालवताच?" मागून बायको म्हणाली. "ज्या माणसाने हॉर्नच्या आवाजावरून गाडी परत केली तो?"

मास्तर काचेतून मैदानाकडे बघत राहिले. तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं. शेवटी ते हळूच म्हणाले, "मला येतं की नाही, मलाच माहीत नाही." आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं: चौक, तीन दचके, ती पाटी, ढकलायला आलेला विद्यार्थी. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

 मागे बायकोने एवढा मोठा सुस्कारा सोडला की नर्सबाई वळून बघायला लागल्या.

"एवढंच?" बायको म्हणाली. "अहो, मला वाटलं तुमचे डोळे गेले."

"डोळे?"

"गाडी चालवायला नको म्हणताय, हॉर्नचं निमित्त काढताय. मला वाटलं दिसत नाहीये आणि लपवताय. महिनाभर झोप नाही मला. पाट्या काय उगाच वाचायला लावत होते? दुकानातलं यंत्र आज संध्याकाळी घरी आणणार होते मी." तिचा आवाज भरून आला आणि त्याच दमात ती हसायलाही लागली. "गाडीच येत नाही ना? येईल. न यायला काय झालंय."

मास्तरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. आपलं गुपित आपण एकटेच वाहतोय असं त्यांना वाटत होतं, आणि बायको महिनाभर त्याहून जड ओझं घेऊन फिरत होती. त्यांना तिची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि या दोन्हींपेक्षा जास्त बरं वाटलं. ते उतरले आणि गाडीला वळसा घालून चालकाच्या सीटवर बसले. नर्सबाई शेजारी आल्या.

पहिल्या खेपेला गाडी दचका खाऊन बंद पडली. मास्तरांनी डोळे मिटले.

"बंद पडली म्हणजे नाही म्हणाली असं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पुन्हा विचारा. घाई कुणाला आहे?"

हे वाक्य मास्तरांचंच होतं. बावीस वर्षांत त्यांनी ते किती जणांना ऐकवलं असेल त्याची गणती नाही, पण आपल्याला ते कुणी ऐकवेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी किल्ली फिरवली. क्लच सावकाश सोडला. गाडी थरथरली, क्षणभर विचार केल्यासारखी थांबली, आणि निघाली.

मैदानाला एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत पायाला सगळं आठवलं. तिसऱ्या फेरीत मास्तरांनी दुसऱ्या गियरमध्ये जरा दाबली आणि ती बुटकी गाडी अशी काही उसळली, कोपऱ्यावर अशी पटकन वळली, की मास्तर मोठ्याने हसले. स्कूलची गाडी बिचारी कायम दबकत चालायची. गाडीला अंगचा खोडकरपणा असतो हे ते विसरूनच गेले होते. मागून बायको म्हणाली, "घेतली." नर्सबाई म्हणाल्या, "जीभ आत घ्या, मास्तर."

सोमवारी मास्तर सहालाच निघाले. रस्ता पाऊण तासाचा आणि वर्ग नऊला.  भीती थोडी उरली होती आणि ती दोघांनाही ठाऊक होती. पहिले पाच किलोमीटर त्यांनी चाक घट्ट धरलं होतं. दहाव्याला बोटं सैल झाली. पंधराव्याला त्यांनी काच खाली केली. एका संथ ट्रकच्या पुढे जाताना ते नकळत मोठ्याने म्हणाले, "शाब्बास," आणि मग त्यांना आठवलं की गाडीत दुसरं कुणी नाही, ही शाबासकी आपल्यालाच आहे.

केंद्राचं फाटक आलं तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती. पहारेकऱ्याने लिंबाच्या रंगाची गाडी येताना पाहिली आणि अडसर वर केला. गाडी आत न शिरता सरळ पुढे गेली. मोकळ्या रस्त्याने लांबचा वळसा घालून ती वीस मिनिटांनी परत आली. अडसर वर झाला. गाडी पुन्हा पुढे. तिसऱ्या वेळी पहारेकरी रस्त्यातच येऊन उभा राहिला.

"साहेब, वाट चुकलात का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "इथेच शिकवायला आलोय. नऊला."

पहारेकऱ्याने घड्याळ बघितलं. "मग आत या की. चहा घ्या, बसा."

"बसलोच आहे," मास्तर म्हणाले. "बावीस वर्षं शेजारी बसलो हो. अजून दीड तास आहे." त्यांनी आरशात बघितलं, मान वळवून मागे बघितलं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.