पंधरा ठिपक्यांचा विमानतळ

आधीच सांगून टाकतो, गच्ची पांढरी करायचा निर्णय माझा होता. वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं आहेत आणि सेक्रेटरी मी एकटा, कारण हे काम दुसऱ्या कुणालाच नको असतं. मी रविकांत, मूळचा सांगलीचा. चेन्नईत सत्तावीस वर्षं काढली, पण इथल्या उन्हाशी माझं अजून जमलेलं नाही. म्हणून गेल्या मार्चमध्ये ऊन परतवणारा तो चकचकीत पांढरा रंग गच्चीला लावून घेतला आणि जिन्याच्या दारावर पाटी ठोकली: 'गच्चीवर रंग, डाग, तेल, रांगोळी सक्त मना.' खाली तमिळमध्येही लिहिलं, म्हणजे कळलं नाही म्हणायची सोय नको.

पाटी वाचून तिसऱ्या मजल्यावरच्या राजसबाई मला म्हणाल्या, "रविकांतराव, गच्ची केलीत कीं देव्हारा केलात?"

या बाईंशी माझं भांडण जुनं आहे. वय सत्त्याहत्तर, उंची जेमतेम पावणेपाच फूट, आणि आवाज असा की खालच्या भाजीवाल्याला गच्चीवरून भाव विचारतील. माहेर-सासर दोन्ही तंजावरचं. त्यांचे पूर्वज मराठी घेऊन तिकडे गेले त्याला तीनशे वर्षं झाली. त्यांच्या तोंडचं मराठी ऐकलं की मला वाटतं कुणी जुनं दफ्तर उघडून वाचतंय, मध्येच तमिळ हेल काढून. मी चिडवलं की म्हणतात, "आमचें जुनें आहे, तुमचें बिघडलेलें आहे." कप्पाळ माझं!

त्यांचा मुलगा विश्वेश बँकेत. सकाळी आठलाच घरातून निघतो, तो लोकांच्या नजरेस फक्त रविवारी पडतो. घर चालतं ते दोन बायकांवर, राजसबाई आणि त्यांची सून तुळसी. तुळसीने एकोणीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. मग शाळाच बंद पडली. पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरी बाई शिकवण्या धरते. ही गेली ड्रोन उडवायला शिकायला! परीक्षा दिली, सरकारी परवाना घेतला आणि अड्यारच्या एका छोट्या कंपनीत लागली. छपरं तपासणं, टॉवर बघणं, नाल्यांची पाहणी करणं, असली कामं ते करतात. गंमत म्हणजे कंपनीचा मालक कौशिक हा तिचाच विद्यार्थी. आठवीत हिने त्याला भूगोलात नापास केलं होतं. अजूनही तो तिला 'मिस' म्हणतो आणि तिच्यासमोर खुर्चीत रेलत नाही.

एप्रिलमध्ये कंपनीला आमच्याच मागच्या कालव्याचं काम मिळालं. पावसाळ्याआधी कुठे गाळ साठलाय, कुठे पाणी तुंबून डासांची पैदास होतेय, ते वरून बघून पालिकेच्या खात्याला नकाशा द्यायचा. काम जरुरीचं होतं. मागच्या पावसात तळमजल्यावरच्या माणसांनी दोन रात्री जिन्यात काढल्या, आणि पाणी नेमकं कुठे अडलं ते कुणालाच सांगता आलं नव्हतं. खाली गल्लीत तारांचं जंजाळ, म्हणून ड्रोन उडवायचा तो गच्चीवरून. विमानतळ फार लांब नाही, तेव्हा उंची, वेळ, सगळ्याची लेखी परवानगी. तीही तुळसीने आणली. माझ्या परवानगीला मात्र तीन दिवस लागले, आणि मी ते मुद्दाम लावले.

पहिल्या दिवशी मी स्वतः हजर होतो. ड्रोन छान उडाला, कालव्यावर फिरला, परत आला. उतरताना मात्र माणसाच्या उंचीवर आला आणि ओल्या फरशीवर पाय घसरावा तसा सरळ बाजूला सरकला. त्या बाजूला राजसबाईंचे वडाम वाळत होते. वडाम म्हणजे आपल्या तांदळाच्या कुरडयांचा तमिळ भाऊ. दोन दिवस खपून घातलेले, तीन धोतरं भरून. पंख्यांच्या वाऱ्याने सगळे उडाले. काही कठड्यापलीकडे गेले, एक माझ्या चष्म्यावर बसला. ड्रोन कठड्याला धडकून आडवा झाला.

"अय्यो!" राजसबाई ओरडल्या. "हें काय आणलेंस घरांत, तुळसी? पाखरूं आहे कीं राक्षस?"

तीन दिवस त्या सुनेशी बोलल्या नाहीत. माझ्याशीही नाही, आणि मी तर काहीच केलं नव्हतं! चौथ्या दिवशी तुळसीने कामावरून येऊन, रात्री पीठ शिजवून, पहाटे स्वतः वडाम घातले. इतके वेडेवाकडे की कावळ्यांनीही तोंड लावलं नाही. ते बघून राजसबाई विरघळल्या. राग जसा भसकन येतो तसाच जातो त्यांचा. आणि समेटाची त्यांची एकच रीत आहे. पुढच्या उड्डाणाच्या सकाळी त्या गच्चीवर गेल्या आणि ड्रोन जिथे उतरायचा तिथे तांदळाच्या पिठाचा कोलम काढून ठेवला. इकडे कोलम म्हणजे दारापुढची रांगोळी, आधी ठिपके मांडायचे आणि मग त्यांच्याभोवती रेघ फिरवायची.

मी म्हटलं, "राजसबाई, पाटी वाचता येते ना?"

"ही रांगोळी नव्हे, पीठ आहे. मुंग्यांस. आणि दारीं कोणी येणार तर कोलम नको? यंत्र झालें म्हणून काय झालें, पाहुणा तो पाहुणा."

पाहुणा आला. गच्चीपासून दोन हातांवर आला मात्र, आणि पिठाचा असा काही लोट उठला की तुळसी दिसेना, ड्रोन दिसेना, राजसबाईंचा नुसता खोकला ऐकू येत होता. लोट बसला तेव्हा ड्रोनचा एक पाय मोडलेला होता आणि आम्ही तिघंही पीठ झालो होतो. मी इतका संतापलो होतो, आणि तरी मला हसू आवरेना.

तुळसी हसत नव्हती. संध्याकाळी कौशिक आला. बिचारा पायरीवर उभं राहूनच बोलत होता. "मिस, शुक्रवारी खात्याचे अधिकारी बघायला येणार आहेत. त्या दिवशी तिसऱ्यांदा असं झालं तर विमावाले ऐकणार नाहीत. मग तुम्हाला ऑफिसातच बसवावं लागेल मला. फोटो जोडायला."

"माझं उडवणं चुकतं का?" तुळसीने विचारलं.

"नाही, मिस. गच्ची चुकते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी गच्ची? तेव्हा तुळसीने मला वर्गातल्या पोराला समजवावं तसं समजावलं. "काका, याच्या पोटाखाली एक कॅमेरा असतो. खाली काहीतरी नक्षी, डाग, ठिपका दिसला तर त्यावर नजर ठेवून हा एका जागी ठरतो. आजूबाजूला उंच इमारती, त्यामुळे उपग्रहाकडून मिळणारी दिशाही नीट मिळत नाही. तुमची गच्ची म्हणजे कोरा कागद. याला कळतच नाही आपण कुठे आहोत ते."

"मग खाली काहीतरी अंथरा!"

"अंथरलं होतं. प्लॅस्टिकची चटई. ती शेजारच्या नारळावर आहे."

ती खरंच होती. राजसबाई दाराच्या आत शेंगा सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकत होत्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. राजसबाई गप्प, म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला माझ्या दाराची घंटा वाजली. दारात राजसबाई. एका हातात कावेची बादली, म्हणजे देवळाच्या भिंतींना लावतात तो लाल मातीचा रंग. दुसऱ्या हातात वाटलेल्या तांदळाचं पातेलं, कमरेला पदर खोचलेला.

"किल्ली द्या गच्चीची," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"सणाचा कोलम घालणार. खालीं काव, वर ओल्या पिठाची रेघ. वाळला म्हणजे वाऱ्यास भीत नाही. लालावर पांढरें, आंधळ्यासही दिसेल."

"माझ्या पांढऱ्या रंगावर लाल? राजसबाई, तो डाग जन्मात जायचा नाही! मी पाटी काय शोभेला लावली आहे? काही झालं तरी किल्ली मिळणार नाही."

मला वाटलं आता त्या चढ्या आवाजात सुरू होतील. झालं भलतंच. त्यांनी बादली खाली ठेवली आणि हळू आवाजात बोलल्या. इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकलाच नव्हता.

"मज एकोणिसावें लागलें होतें. नवेंच लग्न. तंजावरच्या टेलिफोन ऑफिसांतून पत्र आलें, कामावर हजर व्हा म्हणून. परीक्षा देऊन मिळवलें होतें मी, गणितांत पहिली. मामंजींनीं पत्र वाचलें, 'फार चांगलें' म्हणाले, आणि देवापुढें ठेवलें. तें तिथेंच राहिलें. अजून आहे माझ्या पेटींत. कोणी मज वाईट बोललें नाही, रविकांतराव. नुसतें बसवलें." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "परवां तो कौशिक तोच शब्द बोलला. माझ्या पिठानें त्या यंत्राचा पाय मोडला. हीस बसवूं नका."

आमची ही आतून म्हणाली, "द्या ना किल्ली, कसला हट्ट!" खरं सांगतो, तिने सांगायच्या आधीच मी खुंटीवरून किल्ली काढली होती. बादलीही मीच उचलली. काव भयंकर जड असते.

गच्चीवर त्यांनी झाडलोट केली, पाणी शिंपडलं आणि काव चौकोनात सारवली. माझ्या चकचकीत पांढऱ्यावर तो लाल रंग पसरताना काळजात चर्र झालं, नाही असं नाही. मग गुडघ्यावर बसून त्यांनी पंधरा ठिपक्यांचा कोलम मांडायला घेतला. मधल्या ओळीत पंधरा, मग वर-खाली एकेक कमी करत टोकाला एक. ओल्या पिठात बुडवलेल्या चिंधीतून बोटांवरून रेघ उतरत होती. गुडघे दुखत होते, तोंड चालूच होतं. "इकडे उभे राहूं नका, सावली पडते. पाय उचला. सांगलीस हें शिकवीत नाहींत?" सव्वासातला त्या उठल्या तेव्हा ऊन वर आलं होतं. नऊपर्यंत सगळं खडखडीत वाळलं.

तुळसीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ड्रोनची पेटी घेऊन वर आली आणि दारातच थांबली. सासूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही?" एवढंच म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे, पण अधिकारी मागोमाग जिना चढत होते. तिने पटकन पेटी उघडली.

ड्रोन उडाला. अधिकारी, कौशिक, मी, सगळे तिच्या हातातल्या स्क्रीनवर वाकलो. कालवा, मागच्या इमारती, झावळ्या. मग छोट्या पुलापाशी ड्रोन थांबला. जुन्या गाद्या, प्लॅस्टिक, नारळाच्या करवंट्या यांचा हा एवढा बोळा कालव्याच्या तोंडात बसलेला, आणि मागे हिरवं तुंबलेलं पाणी.

"इथेच अडत होतं!" मी ओरडलो. अधिकाऱ्यांनी जागा टिपून घेतली आणि तिथूनच फोन लावला. सोमवारी यंत्र पाठवा म्हणाले.

पण आमचा सगळा जीव टांगणीला होता तो उतरण्यापाशी. ड्रोन परत आला. पंधरा फूट, दहा फूट. त्याचा वारा आमच्या कपड्यांना लागायला लागला. राजसबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत वळ दिसत होते. माणसाच्या उंचीवर आला, जिथे पहिल्यांदा घसरला होता तिथे. आणि ठरला. जरासुद्धा हलला नाही. पिठाचा कण उडाला नाही. सरळ खाली येऊन कोलमच्या बरोब्बर मधल्या ठिपक्यावर बसला.

मी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरीला शोभत नाही, पण वाजवल्या. कौशिक तर शाळेत असल्यासारखा "मिस! मिस!" करत नाचत होता. तुळसी सासूच्या गळ्यात पडली आणि राजसबाई म्हणाल्या, "सरि, सरि, बस झालें, पीठ लागेल साडीस."

मग तुळसीने स्क्रीन त्यांच्यापुढे धरला. उतरताना घेतलेलं चित्र होतं. लाल चौकोन, त्यावर पांढरी अखंड रेघ, आणि कडेला डोळ्यांवर हात धरून वर बघणारी एवढीशी म्हातारी.

राजसबाई बघतच राहिल्या. "सत्तर वर्षें कोलम घालतें," त्या म्हणाल्या, "नेहमीं वांकून. असा वरून कधीं पाहिलाच नव्हता." आनंदाने चेहरा नुसता फुलला होता. तेवढ्यात त्यांनी चष्मा सारखा केला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "अय्यो! हा डावीकडचा ठिपका रेघेबाहेर राहिला. थांबा, नीट करतें. तुळसी, मग पुन्हां उडव."

"चालतं हो, आजी," अधिकारी म्हणाले.

"तुम्हांस चालेल."

मी काही न विचारता बादली आणायला गेलो. जाता जाता पाटीवरचा 'रांगोळी' हा शब्द खडूने खोडला, दोन्ही भाषांत.

परत आलो तेव्हा कौशिक तुळसीला सांगत होता, "मिस, सोमवारी अड्यारला जायचं, नाल्याच्या कामाला. साडेआठला सुरू." आणि मग थोडा घुटमळत राजसबाईंकडे वळला. "पाटी, तिथली गच्चीही पांढरीच आहे." तमिळमध्ये आजीला पाटी म्हणतात.

राजसबाई गुडघ्यावर होत्या, हातात ओली चिंधी. मान वर न करता म्हणाल्या, "मग मज साडेचारास न्यायला ये. काव वाळायला दोन तास लागतात."

अठ्ठावन्न वर्षांनी त्यांना पुन्हा कामावर बोलावणं आलं होतं, आणि या खेपेला त्यांनी ते कुणाला देवापुढे ठेवू दिलं नाही.