दोन मिनिटं आधी वाजलेली घंटा

उदगीरहून येऊन आठवडा झाला, तरी डोकं शांत झालेलं नाही.

निघालो तेव्हा खुशीत होतो. तिथल्या एका महाविद्यालयानं वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय होता, अमेरिकेच्या एका आद्य राजकारण्याचं जीवन आणि कारकीर्द. नांदेडहून एसटी धरली. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. जळकोटला गाडी थांबली तेव्हा धपाटं (ज्वारीच्या पिठात तिखटमीठ कालवून थापलेली भाकरी) आणि दही खाल्लं. जीभ पोळली, पण आणखी एक मागवलं.

सभागृहात एकामागून एक मुलांनी त्या पुढाऱ्याला डोक्यावर घेतलं. गरिबीत शिकला, वकील झाला, स्वातंत्र्यासाठी भांडला, राज्यपाल झाला. मग जळकोटची शिवकन्या उभी राहिली.

"स्वातंत्र्यावर भाषणं करणाऱ्या या माणसाच्या घरी गुलाम होते," ती म्हणाली. "मृत्युपत्रात त्यांची नावं बैलांच्या खाली आहेत."

आणि शेवटची घंटा वाजली. वेळ मोजायचं काम माझ्याकडे होतं, घंटा मात्र परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांपुढे. सातातली पाचच मिनिटं झाली होती. शिवकन्येनं माझ्याकडे पाहिलं, नमस्कार केला आणि ती खाली उतरली.

"वेळ बाकी होती हो," मी हळूच म्हणालो.

"थोरामोठ्यांची उणीदुणी काढून काय फायदा? पोरांना प्रेरणा पायजे," म्हणत अध्यक्षांनी निकालपत्रक पुढे सरकवलं. "करा सही. जेवण थंड होऊन राहिलंय."

काय हा निगरगट्टपणा! पहिला येणारा लातूरच्या फेरीला जाणार होता, आणि यादीत शिवकन्येचं नावच नव्हतं. संताप तर भरपूर आला. तरी सही केली.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारीच बसली होती.

"हा उघड अन्याय आहे," मी म्हणालो. "घरी गेल्यावर संयोजकांना खरमरीत पत्र लिहितो बघ."

तिनं कंडक्टरकडून जळकोटचं तिकीट घेतलं.

"राहिलेल्या दोन मिनिटांत काय सांगणार होतीस?"

"त्याच्यासंगं सभेत बसणाऱ्या लई जणांना गुलामी पटत नव्हती, सर. सभेत गप बसायचे. मग घरी जाऊन पत्रात लिव्हायचे."

जळकोट आलं. "येते सर," म्हणून ती उतरली. पुढे नांदेडपर्यंत मी अध्यक्षांवर चिडायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण चीड माझीच येत राहिली.