चारसोबीसचा दिवा

"आला गं, चारसोबीस परत आला."

रविवारी सकाळी माझ्या गेटची कडी वाजवून काका एवढंच म्हणायचे. इथे उत्तरेत, विकास नगरच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं, त्यामुळे गाऱ्हाणं माझ्याकडेच यायचं. पण 'चारसोबीस' कळायला मराठी यावं लागत नाही. पहिल्यांदा तर समोरचे दूधवाले भैया सायकल टाकून धावत आले होते, कुठला भामटा सापडला ते बघायला.

भामटा काकांच्या जुन्या गाडीत होता. डॅशबोर्डच्या मधोमध, काट्यांच्या शेजारी, इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागायचा. काका स्टिअरिंगखाली आपलं छोटं स्कॅनर जोडायचे आणि त्यावर दर वेळी तोच कोड यायचा, पी-शून्य-चारशेवीस. म्हणजे धूर स्वच्छ करणारा जो डबा गाडीच्या पोटाखाली असतो, कन्व्हर्टर म्हणतात त्याला, तो नीट काम करत नाही अशी शंका. नुसती शंका हं. "कोड ही तक्रार असते, निकाल नव्हे," काका मला बजावायचे. रेल्वेत इंजिनिअर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी चौकशी बसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्या चौकशीला मी कायमची जुंपलेली. आठवडाभर कॉलेजात शिकवून माझा जीव मेटाकुटीला यायचा, रविवार तेवढा हक्काचा, आणि मी आपली काकांच्या गाडीत ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसलेली. इंजिन तापायच्या आत काका खाली चटईवर आडवे होत आणि धुराच्या नळीच्या जोडांना ब्रशनं साबणाचं पाणी फासत. "दे थोडा. बस, तेवढाच धर." बुडबुडे आले तर गळती. बुडबुडे काही यायचे नाहीत. मग ते गुडघ्यांवर हात टेकून, मध्येच थांबत थांबत उठायचे आणि म्हणायचे, "चला, एक आरोपी सुटला."

तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला, गाडी विकावी आणि टॅक्सी करावी. मीही म्हटलं होतं. काका म्हणाले, "ही बसेल का टॅक्सीत?"

ही म्हणजे काकू. पक्षाघातानंतर त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणं मोजक्या शब्दांवर आलं होतं. नव्या गाड्यांच्या उंच सीटवर चढवायला गेलं की त्या घाबरून दार घट्ट धरत. ह्या गाडीची सीट खाली होती. काका त्यांना पाठमोरं उभं करत, हलकेच टेकवत, मग एकेक पाय उचलून आत घेत. असे दोघं दर गुरुवारी सरोजिनी नगरला काकूंच्या थोरल्या बहिणीकडे जात. त्यांनाही घराबाहेर पडवत नव्हतं. मी एकदा बरोबर गेले होते. दोघी हातात हात घेऊन बसल्या, आणि आमच्याशी हो-नाहीपलीकडे न जाणाऱ्या काकू तिथे कुणाच्या तरी लग्नातल्या जिलेब्यांवरून चक्क भांडल्या. अडखळत का होईना, पण भांडल्या. काका बाहेर पायरीवर बसून ऐकत होते.

आता गाडीची नोंदणी संपत आली होती. नूतनीकरणाच्या तपासणीत तो दिवा पेटलेला दिसला तर गाडी नापास होणार, आणि गाडी नापास म्हणजे गुरुवार बंद.

काकांनी कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर बदलला. दिवा थोडे दिवस गप्प बसला आणि परत आला. वायरी तपासल्या, प्लग बदलले, तरी परत आला. शेवटी उरला तो कन्व्हर्टरच, आणि तो कुठे मिळेना, कारण ती गाडीच बनायची बंद झालेली. निशातगंजचा मेकॅनिक कंटाळून म्हणाला, "साहब, टेस्ट वाले दिन सुबह कोड मिटा दीजिए. दो-चार दिन तो लौटेगा नहीं."

"मिटाने से बीमारी चली जाती है क्या?" काकांनी विचारलं.

"बीमारी कौन देख रहा है साहब. बत्ती देखते हैं."

परत येऊन गेटपाशी उतरताना काका मला म्हणाले, "थकलो गं मी." मला त्यांच्याकडे बघवेना.

तपासणीच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेले तर काका गाडीत नुसते बसून होते. हातात स्कॅनर, कोड पुसायच्या बटणावर अंगठा, आणि अंगठा काही खाली जाईना. नोकरीत त्यांनी न सापडलेल्या दोषावर कधी सही केली नव्हती. व्हरांड्यातल्या खुर्चीवरून काकू बघत होत्या. गाडीच्या कारभारात त्या कधी पडल्या नव्हत्या.

"पुसा," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ शब्द शोधून, "ताई... वाट."

काकांनी बटण दाबलं. "झालो मीच चारसोबीस," असं पुटपुटत त्यांनी गाडी काढली. दुपारी पास होऊन आले, पण चेहरा नापास झाल्यासारखा.

पुढच्या गुरुवारी कॉलेजला सुट्टी होती म्हणून मीही मागच्या सीटवर होते. कानपूर रोडला लागलो आणि दिवा लागला. काका तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत गाडी कडेला घेऊ लागले. तेवढ्यात काकूंनी डावा हात कपाळाकडे नेला, टिकली काढली, कष्टानं पुढं वाकल्या आणि ती त्या दिव्यावर चिकटवून टाकली.

"चला," म्हणाल्या.

काकांनी गाडी थांबवली आणि चष्मा काढून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. नंतर स्कॅनर कपाटात गेलं. रविवारी मला कुणी उठवेना, आणि खरं सांगते, झोपही येईना.

काकू थंडीत गेल्या. काकांनी भोपाळला लेकीकडे जायचं ठरवलं आणि गाडीला गिऱ्हाईक बोलावलं. त्याला त्यांनी कन्व्हर्टरचं सगळं आधीच सांगून टाकलं. त्यानं गाडी सुरू करून बघितली. "ये लाल-लाल क्या चिपका है?" म्हणत तो नख लावायला गेला.

"रहने दीजिए," काका म्हणाले.

ते डावीकडच्या सीटवर जाऊन बसले आणि त्यांनी टिकली हळूहळू सोडवली. खाली दिवा लागलेलाच होता. काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टिकली त्यांनी चष्म्याच्या डबीवर लावली, ती पडली. मोबाईलच्या पाठीवर लावली, तिथूनही पडली. तिचा गोंद संपला होता.

गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत काका गेटपाशी उभे राहून डावा हात हलवत होते. उजवी मूठ त्यांनी मिटून धरली होती.